ना सोयर ना सुतक, तरी रडू आलं

"नमस्कार ताई,

मी मूळचा नाशिकचा, वय ५५, १९९८ पासून अमेरिकेत सेंट लुईसला असतो. तुमचं सदर माझी बायको वाचते, तिच्या फोनवर मीही वाचतो. प्रश्न विचित्र वाटेल, तरी विचारतो. १८ मार्च २०१७ला चक बेरी गेले. रॉक अँड रोलवाले, वय ९०. मी त्यांचा फॅन. इथे डेल्मार रस्त्यावर ब्लूबेरी हिल म्हणून हॉटेल आहे, तिथे तळघरात ते महिन्यातून एका बुधवारी वाजवायचे. २००३ साली कंपनीतल्या एका मित्राने मला पहिल्यांदा नेलं आणि मग २०१४ला ते कार्यक्रम थांबेपर्यंत जमेल तेव्हा जात राहिलो, चाळीसेक तिकिटं अजून एका पाकिटात आहेत. ९ एप्रिलला पेजंट थिएटरमध्ये अंत्यदर्शन होतं. सकाळी लवकर जाऊन रांगेत उभा राहिलो आणि पेटीपाशी पोचल्यावर जो रडलो तो आवरेचना. अजूनही गाडीत गाणं लागलं की डोळे भरतात. बायको म्हणाली, तुझे बाबा गेले तेव्हा तुझ्या डोळ्यातून टिपूस नाही आलं आणि ज्याचं ना सोयर ना सुतक त्याच्यासाठी तू एवढा रडतोस? ती स्वतः शास्त्रीय गाणं शिकलीये, तिला हा सगळा दंगा वाटतो. मुलगी १९ वर्षांची, कॉलेजला असते. ती फोनवर म्हणाली, बाबा, तो माणूस काय होता ते तुम्हाला माहितीये ना? मला माहितीये. मी गप्प बसलो. ताई, माझ्यात काही खोट आहे का? आणि बायको म्हणते ती तिकिटं आता टाकून दे, तर टाकू का?"

दादा, तुमच्यात काहीही खोट नाहीये. हे आधीच सांगून टाकते, कारण पत्र दोनदा वाचल्यावर मला वाटलं की बाकीचं सगळं तुम्ही लिहिलंय ते हा एक प्रश्न विचारायचा धीर यावा म्हणून.

पत्र आल्यावर मी तुम्हाला उलट मेल टाकला होता की त्या दिवशी रांगेत काय काय बघितलंत ते जरा सविस्तर लिहा, बाबांच्या वेळचंही लिहा. तुम्ही रात्री बसून भलामोठा मेल पाठवलात, त्यातलं थोडं तुमच्या परवानगीने इथे सांगते. तुमच्या पुढे सत्तरीच्या एक बाई होत्या, त्यांच्या हातात जुन्या रेकॉर्डचं नुसतं कव्हर, आत रेकॉर्ड नाही, ती म्हणे भावाने वाजवून वाजवून झिजवली आणि एक दिवस घर बदलताना मोडली, कव्हर तेवढं उरलं. मागे एक बाप-लेक, लेक बारा-तेराचा, नुकता गिटार शिकायला लागलेला. कुणी कुणाला ओळखत नव्हतं आणि अर्ध्या तासात सगळे एकमेकांना एकच विचारत होते, तुम्ही पहिल्यांदा कधी ऐकलंत. त्या बाईंनी तुम्हालाही विचारलं आणि तुम्ही सांगितलंत की मी भारतातून आलो तेव्हा मला काही म्हणजे काही माहिती नव्हतं, तर त्यांनी तुमचा दंड धरला आणि म्हणाल्या, मग तू नशीबवान, तू थेट त्यालाच ऐकलंस. आत पेटी उघडी होती आणि झाकणाला आतल्या बाजूने त्यांची लालभडक गिब्सन गिटार पक्की बसवलेली, म्हणजे चेहरा बघायला जवळ गेलं की वर गिटार. रोलिंग स्टोन्स या बँडने पाठवलेली फुलं, तीही गिटारच्या आकारात. तुम्ही लिहिलंय की चेहरा पाहिला आणि वाटलं आत्ता डोळे उघडतील, आणि मग गुडघ्यातलं बळच गेलं, त्या बारा वर्षांच्या मुलाच्या बापाने तुम्हाला सावरलं.

हे वाचून मी जरा वेळ काहीच लिहू शकले नाही.

आता ते "ना सोयर ना सुतक". वहिनी रागात बोलल्या असतील, पण वाक्प्रचार अगदी नेमका वापरलाय त्यांनी. सुतक कुणाला लागतं याचे हिशेब आपल्याकडे पक्के आहेत, दहा दिवस कुणाला, तीन दिवस कुणाला, नुसती आंघोळ केली की सुटलं असं कुणाला. हे हिशेब नात्याचे आहेत. रडू किती यावं याचा तक्ता त्यात कुठेच नाही. ज्यांचं दहा दिवसांचं सुतक पाळलं त्यांच्यासाठी एकदाही घसा दाटला नाही असं कित्येकांच्या घरी झालेलं असतं, कुणी बोलून दाखवत नाही एवढंच. आणि ज्याचं सुतक येतच नाही त्याच्यासाठी रडणाऱ्याची खरी पंचाईत ही की त्याला कुणी भेटायला येत नाही, त्याच्याकडे कुणी पिठलं-भात आणून देत नाही, ऑफिसमध्ये दुसऱ्या दिवशी मीटिंगला बसावं लागतं. तुम्ही सोमवारी बसलातच.

माझ्या वडिलांचं सांगते. ते दर डिसेंबरला सवाई गंधर्वला जायचे, रमणबागेच्या मैदानावर, बरोबर एक निळ्या पट्ट्यांची सतरंजी, एक शाल आणि चहाचा थर्मास. भीमसेनजींना ते आयुष्यात कधी भेटले नव्हते, कधी सही घेतली नाही, कधी पाया पडायला पुढे गेले नाहीत. २४ जानेवारी २०११ला सकाळी बातमी आली, वडील तेव्हा ७८ वर्षांचे. ते उठले, माळ्यावरून ती सतरंजी काढायला लावली, हॉलच्या मध्ये अंथरली आणि तिच्यावर मांडी घालून बसले. टीव्ही लावू दिला नाही. आई आली, तिने बघितलं, काही विचारलं नाही, चहाचा कप सतरंजीच्या कडेला ठेवला आणि आत गेली. मी तेव्हा मनात म्हटलं होतं की काय हे, सख्ख्या भावाच्या वेळी एवढं केलं नव्हतं यांनी. म्हणजे वहिनींचंच वाक्य. आता वडीलही नाहीत आणि ती सतरंजी माझ्याकडे आहे, आणि मला कळतं की चाळीस वर्षं दर डिसेंबरच्या थंडीत ज्या माणसाने आपल्या रात्री भरून टाकल्या तो परका कसा म्हणायचा.

तुमच्या बाबतीत तर माणूस आणखीच जवळचा. जगभर ज्याचं नाव, बीटल्स आणि स्टोन्स ज्याची गाणी वाजवत मोठे झाले, तो माणूस तुमच्याच गावचा. तिथेच १९२६ साली जन्मला, तिथल्याच गुड अव्हेन्यूवर, आणि त्या रस्त्याचं नाव पुढे जॉनी बी. गुड या त्यांच्या गाण्यातल्या पोराच्या आडनावात गेलं. लहानपणी काळा म्हणून ज्या फॉक्स थिएटरने तिकीट दिलं नव्हतं त्याच थिएटरच्या स्टेजवर १९८६ला साठीचा कार्यक्रम केला. आणि एवढं सगळं झाल्यावर सत्तरीला आलेला हा माणूस १९९६ पासून महिन्यातल्या एका बुधवारी ३४० माणसं मावतील अशा तळघरात येऊन उभा राहतो, आणि असे २०९ कार्यक्रम करतो, अठ्ठ्याऐंशीला टेकेपर्यंत. तुम्ही लिहिलंय की शेवटी शेवटी ते शब्द विसरायचे, मग मुलगा गिटारवर सावरून घ्यायचा, मुलगी माउथ ऑर्गनवर पुढे व्हायची, आणि लोक विसरलेली ओळ खालून म्हणून द्यायचे. तुम्हीही द्यायचात. दादा, ज्याला तुम्ही तोंडाने ओळ पुरवली आहे त्याच्याशी तुमचा संबंध काय हे विचारायचा अधिकार मला तरी वाटत नाही कुणाला आहे.

एक गोष्ट मी मुद्दाम करणार नाहीये. अशा पत्रांना उत्तर देताना पटकन म्हटलं जातं की तुम्ही खरं तर बाबांसाठी रडलात, चक बेरी नुसतं निमित्त. मी तसं म्हणणार नाही. तुम्ही चक बेरींसाठीच रडलात. त्या म्हाताऱ्याची टोपी, ते बदकासारखं एका पायावर सरकत जाणं, गिटारची ती सुरुवात जी वाजली की तळघरातल्या सगळ्या खुर्च्या एकदम मागे सरकायच्या, हे आता पुन्हा होणार नाही म्हणून रडलात. ते रडणं त्यांचंच राहू द्या, त्यांच्या नावावर जमा करा.

पण बाबांचं वेगळं बोलायला हवं, कारण वहिनींनी तिथेच बोट ठेवलंय.

तुम्ही लिहिलंय की २०१२च्या फेब्रुवारीत भावाचा फोन आला, तुम्ही आणि वहिनी मिळेल ते विमान पकडून शिकागो, मुंबई आणि मग गाडीने नाशिक असे पोचलात तेव्हा दीड-दोन दिवस झाले होते, धाकट्याने अग्नी दिला होता. तुमच्या हातात आला तो अस्थींचा कलश. तो घेऊन तुम्ही रामकुंडावर गेलात. मग दहावा, कावळा शिवेना म्हणून सगळे उन्हात ताटकळलेले, तेरावा, मृत्यूचा दाखला, आईच्या पेन्शनचे फॉर्म, बँकेत रांग, आणि पंधराव्या दिवशी परतीचं तिकीट. यात रडायला जागा कुठे होती? तुम्ही मोठा मुलगा, अमेरिकेतून आलेला, सगळे तुमच्याकडे बघत होते की आता काय करायचं, आणि तुम्ही करत होतात.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, तुम्हाला बाबांचा चेहरा बघायला मिळाला नाही.

आपल्याकडे अंत्यदर्शन का म्हणतात, लांबच्या मुलाची वाट बघत बर्फावर का ठेवतात, आणि नाही थांबता आलं तर आयुष्यभर "दर्शन नाही झालं" असं का म्हणत राहतात, याचं उत्तर तुमच्या पत्रात आहे. चेहरा बघितल्याशिवाय अंगाला पटत नाही हो. डोक्याला पटतं, दाखला हातात असतो, पण अंगाला पटत नाही. पेजंटमध्ये तुम्ही सावकाश रांगेतून गेलात, पेटी उघडी होती, चेहरा समोर होता, हाताला काही काम नव्हतं, कुणी फॉर्म पुढे करत नव्हतं. तिथे अंगाला पटलं. तुम्ही बाबांवर कमी प्रेम केलंत आणि या माणसावर जास्त, असं यातून निघत नाही. परदेशात राहणाऱ्या मुलामुलींची मला जी पत्रं येतात त्यात हीच गोष्ट पुन्हा पुन्हा असते, वडील गेले आणि मी कोरडा, मी कोरडी, आणि मग तीन वर्षांनी शेजारचं कुत्रं गेलं आणि धाय मोकलून रडले. त्यांनाही वाटतं आपल्यात खोट आहे. तुम्ही एकटे नाही.

वहिनी, तुम्ही हे सदर वाचता असं दादांनीच लिहिलंय, तेव्हा दोन शब्द थेट तुमच्याशी. त्यांनी दुसऱ्या मेलमध्ये सहज एक वाक्य लिहिलं, की दर रविवारी नाशिकला फोन लावायच्या तुम्ही, आणि बाबा आधी तुमच्याशी बोलायचे, मग मुलाशी. भाजी काय केली, पाऊस आहे का, गाणं म्हणतेस का अजून. ते वाचल्यावर मला तुमच्या रागाचं वेगळंच काहीतरी दिसलं. त्या घरात त्या तेरा दिवसांत तुम्ही रडलात आणि तुमच्याबरोबर रडायला नवरा नव्हता, तो बँकेच्या रांगेत होता. परत आल्यावरही तो त्या विषयावर बोलला नाही. पाच वर्षं झाली. आणि आता तो रडतोय, तर दुसऱ्या कुणासाठी. लागणारच. मला तर वाटतं ते "टिपूस नाही आलं" म्हणजे टोमणा नव्हताच, तुम्ही त्याला सांगत होतात की मला तेव्हा एकटीला रडावं लागलं.

म्हणून दादा, घरात करायचं काम आहे ते हे. चक बेरी किती मोठे होते ते वहिनींना पटवायला जाऊ नका, निदान आत्ता नाही. एखाद्या रविवारी, ज्या वेळी फोन लागायचा त्या वेळी, चहा करा आणि त्यांना म्हणा की बाबांच्या वेळचं सांग. तुला काय आठवतं ते सांग, मला त्यातलं निम्मं दिसलंच नाही. आणि मग ऐका. रडू येईल किंवा येणार नाही, त्याची परीक्षा घेऊ नका.

आता लेकीचं. इथे मी तुम्हाला जरा ओरडणार आहे.

तिने विचारलं, माहितीये ना, आणि तुम्ही गप्प बसलात. तिला जे माहिती आहे ते मी वाचणाऱ्यांसाठी सांगते, आडपडदा न ठेवता. १९५९ साली चक बेरींना अटक झाली, १४ वर्षांच्या एका अपाची मुलीला गैर हेतूने एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेल्याच्या आरोपावरून. पहिल्या खटल्यात दोषी ठरले, तो निकाल वरच्या कोर्टाने रद्द केला कारण न्यायाधीशाने भर कोर्टात त्यांच्या रंगावरून शेरे मारले होते. पुन्हा खटला चालला, पुन्हा दोषी ठरले, दीड वर्ष तुरुंगात काढून १९६३ला सुटले. १९७९ला कर चुकवल्याबद्दल पुन्हा तुरुंग. आणि १९९०ला त्यांच्या रेस्टॉरंटमधल्या बायकांच्या टॉयलेटमध्ये कॅमेरा लावल्याचा आरोप झाला, अनेक बायका कोर्टात गेल्या, शेवटी पैसे देऊन तडजोड झाली. २०११ला ब्लूबेरी हिलच्या समोर त्यांचा आठ फुटी पुतळा उभा राहिला तेव्हा तुमच्याच गावातल्या लोकांनी याच कारणासाठी सह्या गोळा करून विरोध केला होता. तुम्ही त्या पुतळ्यापाशी मार्चमध्ये फुलं ठेवून आलात असं लिहिलंय, सह्यांचं तुम्ही लिहिलं नाहीत, पण तिथे राहता म्हणजे ऐकलं असणार.

न्यायाधीश वर्णद्वेषी होता हे खरं आहे आणि ते लेकीला सांगा, कारण १९६०च्या मिझुरीत काळ्या माणसाचा खटला कसा चालायचा हे तिला कळायला हवं. पण त्याने ती १४ वर्षांची मुलगी खोटी ठरत नाही. तेव्हा न्यायाधीशाचं सांगाल तेव्हा ते त्या मुलीवर पांघरूण घालायला वापरू नका.

लेकीला फोन करा, मेसेज नको. म्हणा, मला माहिती होतं, पहिल्यापासून माहिती होतं, आणि तू विचारलंस तेव्हा मी गप्प बसलो ते चुकलं. इथे थांबा. "पण तो काळच तसा होता" हे जोडू नका, "पण कलाकार म्हणून" हे तर अजिबात जोडू नका, "पण" शब्दच घेऊ नका त्या वाक्यात. दादा, १९ वर्षांची मुलगी बापाला असा प्रश्न विचारते तेव्हा तिला नव्वदीत वारलेल्या गिटारवाल्यावर निकाल लावून घ्यायचा नसतो. अशी मुलगी आपल्या घरात असती तर माझा बाप कुणाच्या बाजूने उभा राहिला असता, हे तिला बघायचं असतं. ते तिला स्पष्ट कळू द्या. त्यानंतर ती विचारेल, मग रडलात का? तेव्हा तिला तळघर सांगा, विसरलेली ओळ सांगा, ती रेकॉर्डचं कव्हर घेऊन आलेली बाई सांगा. तिला पटेलच असं नाही. नाही पटलं तर नाही पटलं, दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्या तुम्हाला एकाच खिशात घेऊन फिरायच्या आहेत, मला याहून सोपं उत्तर सापडलेलं नाही आणि खोटं सांगणार नाही.

वहिनींच्या गाण्याबद्दल एक सांगायचं राहिलं, आणि हे सांगायला मला फार आवडतंय.

१९७७ साली नासाने व्हॉयेजर नावाची दोन यानं सोडली, त्या दोन्हींवर तांब्याची, वरून सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे, त्यात पृथ्वीवरचे आवाज आणि गाणी भरलीयेत, न जाणो कुणी कधी ऐकलं तर. त्यात रॉक अँड रोलचं गाणं एकच आहे, चक बेरींचं जॉनी बी. गुड. आणि त्याच तबकडीवर भारतातलं एकच गाणं आहे, भैरवी, जात कहाँ हो, आणि ते गायलंय सुरश्री केसरबाई केरकरांनी. गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई, जयपूर घराण्याच्या अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या, ज्यांनी रेकॉर्डिंगला सहसा हो म्हटलं नाही आणि म्हणून ज्यांचं ध्वनिमुद्रण एवढंसंच उरलंय, त्यांची ही साडेतीन मिनिटांची भैरवी. ५ सप्टेंबर १९७७ला व्हॉयेजर १ उडालं आणि १६ सप्टेंबरला केसरबाई मुंबईत गेल्या. त्यांची भैरवी आणि चक बेरींची गिटार तेव्हापासून एकाच तबकडीत बसून चाललेत, २०१२ला तर सूर्यावरून वाहणाऱ्या कणांचा प्रभाव जिथे संपतो ती हद्दही ओलांडून गेले. वहिनी जयपूर घराण्याचं शिकल्या की आणखी कुठलं ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण केसरबाई माहिती नाहीत असं होणारच नाही. त्यांना सांगा की दंगा आणि भैरवी शेजारी शेजारी बसलेत. आधी भैरवी लावा मात्र, ती पूर्ण होऊ द्या, मध्ये बोलू नका, आणि मग तुमचं गाणं लावा.

बुधवारचं काय करायचं हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मेलमध्ये आहे की महिन्यातला तो बुधवार आला की अजून हात गाडीच्या किल्लीकडे जातो. जाऊ द्या की. जा डेल्मारला. त्या रांगेतल्या बाप-लेकाचा नंबर घेतलाय म्हणालात, त्यांना बोलवा, त्या पोराला सांगा की गिटारवर बोटं कशी पडायची ते तू काय शिकलास दाखव, आणि तुम्ही त्याला सांगा की बाबा रे मी अमुक फुटांवरून पाहिलंय. मंडळातल्या मराठी लोकांना यात गोडी नसेल तर राहू दे. जे तुमच्यासारखे रडलेत त्यांच्यात बसलं की निम्मं समजावून सांगावंच लागत नाही. त्या बाईंनी तुमचा दंड धरला ना, तसं.

आणि १६ जून २०१७ला त्यांचा नवा अल्बम आला हे तुम्हाला माझ्याआधी माहिती असणार. नव्वदाव्या वाढदिवसाला त्यांनीच जाहीर केला होता, आणि म्हणाले होते की हा बायकोला अर्पण. थिमेटा, लग्न १९४८चं, ६८ वर्षांचा संसार. त्या बाईंनी ते सगळं बघितलं, तो तुरुंग, ते खटले, बायकांची ती केस. मला खूपदा वाटलं की त्या रांगेतल्या कुणी त्यांच्याबद्दल काही बोललं असेल का. तुम्ही आणि वहिनी मिळून ऐका तो अल्बम. त्यात त्यांची मुलगी आहे, मुलगा आहे, ज्या दोघांनी तुमच्यासमोर विसरलेल्या ओळी सावरल्या ते.

राहिली तिकिटं. टाकू नका. वहिनी, तुम्हीही टाकायला लावू नका. पण पाकिटात तशीच ठेवलीत तर ती राहणार नाहीत दादा, त्या थर्मल कागदावरची अक्षरं उडून जातात, माझ्याकडे नाटकाची अशी कोरी झालेली तिकिटं आहेत, कुठलं नाटक ते आता कळतही नाही. तेव्हा आधी सगळ्यांचे फोटो काढा, आणि मग प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीने, पेनाने नको, तारीख लिहा आणि त्या रात्री बरोबर कोण होतं ते लिहा. चाळीस आहेत, एका बसणीत नाही आठवणार. दर बुधवारी एक घ्या.